हील्सव्हिलचा एक दिवस आणि जीवदयेचे खाते

जळगावला लागून असलेले पिंप्राळा आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असले, तरी आषाढी एकादशीला रथ निघतो त्या दिवशी ते पुन्हा आपले जुने गाव होते. या पिंप्राळ्यातील डाळीचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबाच्या वहीत दरवर्षी न चुकता एक खाते उघडले जाते : जीवदया खाते. दिवाळीत वहीपूजन होते, गौतमस्वामींचे स्मरण करून पहिले पान लिहिले जाते आणि पुढे काही पानांनंतर हे खाते येते. पांजरपोळीतील चारा, आजारी जनावरांचे औषधपाणी, उन्हाळ्यातील पाणपोई आणि गच्चीवर कबुतरांसाठी रोज सकाळी टाकली जाणारी ज्वारी, असा त्यातील खर्च. घरातील दादाजींनी हे खाते आयुष्यभर स्वतःच्या अक्षरात लिहिले.

दादाजी आणि दादीजी मुलाकडे मेलबर्नला गेले, तेव्हा जून महिना होता. खानदेशात मृगाची वाट पाहिली जात होती आणि मेलबर्नला कडाक्याची थंडी पडली होती. शनिवारी सकाळी मुलाने सर्वांना हील्सव्हिलच्या प्राणिवनात नेण्याचा बेत सांगितला. केवळ ऑस्ट्रेलियातील मूळ पशुपक्षी तेथे आहेत, हे ऐकून नातवंडे हरखली. दादाजी मात्र म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी सामायिक करीत घरी बसेन."

त्यांचा आक्षेप विचारपूर्वक होता. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत जिवाला मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे हे चार जसे आहेत, तसा 'बंध' हाही आहे. मुक्या जिवाला बांधून ठेवणे हाच दोष असेल, तर तिकीट काढून बांधलेला जीव पाहायला जाणे म्हणजे त्या दोषाचे अनुमोदन होय. मुलाने वाद घातला नाही. नऊ वर्षांची नात मात्र म्हणाली, "दादाजी, तिथे प्राण्यांचा दवाखाना पण आहे. आपल्या पांजरपोळीसारखा." पांजरपोळीचे नाव निघाल्यावर दादाजी उठले.

मेलबर्नपासून हील्सव्हिल सुमारे 60 किलोमीटर आहे. शहर मागे पडले की यारा नदीचे खोरे लागते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे पाहून दादीजींना नाशिकची आठवण झाली. पण येथील द्राक्षे बहुतांशी मद्यासाठी पिकवली जातात हे कळल्यावर त्यांनी खिडकीची काच वर केली. पुढे डोंगर जवळ येतात, निलगिरीची उंचच उंच झाडे सुरू होतात आणि त्या झाडीतच प्राणिवनाचे प्रवेशद्वार येते.

ही जागा मुळात तेथील वुरुंडजेरी या आदिवासी लोकांची. त्यांच्या कोरंडर्क या वसाहतीच्या जमिनीतील काही भाग 1920 साली कॉलिन मॅकेंझी या शरीररचनाशास्त्रज्ञाला संशोधनासाठी मिळाला. 1934 मध्ये तेथे लोकांसाठी हे प्राणिवन उघडले गेले. आता व्हिक्टोरिया राज्याच्या प्राणिसंग्रहालय संस्थेकडे त्याची व्यवस्था आहे. सिंह, हत्ती, जिराफ यांपैकी येथे काही नाही. रानातून पायवाटा जातात आणि वाटेच्या कडेला त्याच मातीतले जीव आपापल्या झाडाझुडपांत असतात.

पहिल्याच वळणावर कोआला दिसला. फांदीच्या बेचक्यात अंग दुमडून तो झोपला होता. निलगिरीचा पाला हेच त्याचे अन्न. हा पाला पचायला जड, त्यात पोषण कमी आणि इतर प्राण्यांना बाधेल असे विषारी अंशही असतात. तो पचविण्यासाठी कोआलाला दिवसाचे अठरा-वीस तास विश्रांती घ्यावी लागते. "केवळ पाने खातो आणि कोणाच्या वाटेला जात नाही," दादीजी कौतुकाने म्हणाल्या, "हा तर आपल्यातलाच."

परंतु या निरुपद्रवी जिवाचा इतिहास व्यापारी माणसाला खाली पाहायला लावणारा आहे. त्याची लोकर दाट आणि मऊ असल्याने एकेकाळी कोआलाची कातडी जहाजे भरून परदेशी जात असे. 1927 च्या ऑगस्ट महिन्यात क्वीन्सलँड राज्याने शिकारीला मोकळीक दिली, तेव्हा त्या एका महिन्यात सहा लाखांच्या घरात कोआला मारले गेले. लोकांमध्ये त्याविरुद्ध मोठा संताप उसळला आणि पुढे अशी मोकळीक पुन्हा दिली गेली नाही. मुलाने ही हकीकत सांगितली, तेव्हा दादाजींनी एकच शब्द उच्चारला : "दंतवाणिज्य." श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत प्राण्यांचे दात, कातडे, केस यांच्या व्यापाराची गणना आहे. "माल कुठून आला हे न विचारता घेणारा व्यापारी नसता, तर मारणाऱ्याने इतके मारून काय केले असते?" असे ते मुलाला म्हणाले.

पुढे प्लॅटिपसचे अंधारे दालन होते. बदकासारखी चोच, अंगावर केस, अंडी घालणारा आणि तरीही पिलांना दूध पाजणारा हा प्राणी काचेपलीकडच्या पाण्यात क्षणभर दिसला आणि तळाशी गेला. याच प्राणिवनात 1943 साली डेव्हिड फ्ले यांच्या देखरेखीखाली माणसाच्या सांभाळात प्लॅटिपसचे पहिले पिल्लू वाढले. असे यश पुन्हा मिळायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला आणि तेही येथेच मिळाले. जोडी एकत्र ठेवली, खायला दिले, एवढ्याने जीव वाढत नाही. पाणी कसे हवे, बीळ कसे हवे, मादीला एकांत कधी हवा, हे सारे शिकावे लागते.

बाहेर येताच पाच वर्षांच्या नातवासमोर एक रानबदक डुलत आले. दादाजींच्या कोटाच्या खिशात सवयीने घेतलेले फुटाणे होते. त्यांनी मूठ पुढे केली, तोच नातीने त्यांचा हात धरला. "दादाजी, इथे खायला घालायचं नाही. पाटी आहे." भुकेल्या जिवापुढे धरलेला हात मागे घेण्याची पाळी त्यांच्यावर प्रथमच आली असावी. त्यांना ते रुचले नाही. त्यांनी फुटाणे खिशात टाकले आणि पुढे बराच वेळ ते मुकाट्याने चालत राहिले.

दुपारी झाडाखालच्या बाकावर डबा उघडला गेला. खाकरे, दशम्या, मुगाची कोरडी उसळ आणि घरून आणलेले उकळलेले पाणी. जेवण झाल्यावर सर्वजण दवाखान्याकडे वळले.

हा दवाखाना मोठ्या काचेतून सर्वांना पाहता येतो. रस्त्यावर मोटारीखाली सापडलेले, तारेत अडकलेले, कुत्र्यामांजरांनी फाडलेले, वणव्यात होरपळलेले शेकडो वन्य जीव दरवर्षी येथे आणले जातात. 7 फेब्रुवारी 2009 रोजी या राज्यात लागलेल्या वणव्यांत 173 माणसे दगावली. वनातील प्राण्यांच्या हानीला तर सीमाच नव्हती. त्या दिवसांत भाजलेल्या जिवांवर येथे उपचार झाले.

काचेपलीकडे एक डॉक्टरीण कापडी पिशवीतून कांगारूचे पिल्लू बाहेर काढत होती. आई मोटारीखाली मेली होती, पोटपिशवीतले पिल्लू तेवढे वाचले होते. तिकडे रस्त्यात मेलेली कांगारू मादी दिसली, तर तिची पिशवी तपासून पाहण्याची पद्धत आहे. दादीजींनी विचारले, "मग त्याला गायीचं दूध देतात का?" सुनेने तेथील माहिती वाचून सांगितले, की गायीच्या दुधातील साखर या पिलांना सोसत नाही. त्याने हगवण लागते आणि डोळ्यांत मोतीबिंदूही होऊ शकतो. त्यांच्यासाठी वेगळे दूध तयार करावे लागते. कांगारूंना प्रेमाने पाव खाऊ घालणाऱ्यांमुळे त्यांच्या जबड्याला असाध्य रोग जडतो, हेही तिने सांगितले.

दादाजींचा हात नकळत फुटाण्यांच्या खिशाकडे गेला.

दवाखान्यानंतर पिंजऱ्यांचा भाग आला आणि 'बंध' हा शब्द पुन्हा त्यांच्या मनात उभा राहिला असावा. येथे नारिंगी पोटाचे लहान पोपट होते. हे पोपट उन्हाळ्यात टास्मानियात वीण करतात आणि थंडीत समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर येतात. 2016 च्या हंगामात रानातून परतलेल्या या पोपटांची संख्या वीसाहूनही कमी होती. जाळीत वाढवून रानात सोडलेल्या पक्ष्यांमुळेच त्यांची जात आज टिकून आहे. शेजारी व्हिक्टोरियाचा राज्यपक्षी, डोक्यावर पिवळा तुरा असलेला हेल्मेटेड हनीईटर होता. त्याचीही रानातील वस्ती एका लहानशा टापूपुरती उरली आणि 1989 पासून येथे त्याची पैदास करून पिले रानात सोडली जात आहेत. लेडबीटर्स पॉसम हा मुठीएवढा प्राणी तर नामशेष झाला असे समजले गेले होते. 1961 मध्ये तो पुन्हा आढळला. जुन्या झाडांच्या ढोलीत तो राहतो, आणि वृक्षतोडीने व वणव्याने त्या ढोलीच नाहीशा झाल्या. व्हिक्टोरिया राज्याने नैसर्गिक जंगलातील व्यापारी तोड 2024 च्या आरंभापासून थांबविली. वनकर्म आणि दवाग्निदान ही दोन कर्मादाने दादाजींना पाठ होती. त्यांचा परिणाम मुठीएवढ्या देहात त्यांनी प्रथमच पाहिला.

"हे कायमचे बांधलेले नाहीत तर," ते सावकाश म्हणाले. "आपण पांजरपोळीत जनावर आणतो ते मरेपर्यंत सांभाळायला. हे सांभाळतात ते सोडायला."

येथील सारेच त्यांना पटले असे मात्र नाही. गरुडांच्या प्रात्यक्षिकात मांसाचा तुकडा पुढे केला गेला, तेव्हा दादीजी नवकार म्हणत मान वळवून बसल्या. एकाला वाचवायचे आणि दुसऱ्याच्या आहारासाठी तिसऱ्याचा जीव जाऊ द्यायचा, हे कोडे तेथे सुटत नाही. ज्या देशाच्या राजचिन्हावर कांगारू आणि एमू आहेत, त्याच देशाच्या दुकानांत कांगारूचे मांस विकले जाते, हेही मुलाने लपविले नाही. दादाजी म्हणाले, "दोष दोष म्हणूनच लिहायचा आणि गुण गुणाच्या बाजूला. जमा-खर्चाची वजावट करून एकच आकडा दाखवायचा नाही."

परतीच्या वाटेवर नातीने थायलसिनची, म्हणजे टास्मानियाच्या पट्टेरी 'वाघा'ची, गोष्ट काढली. ती शाळेत शिकली होती. मेंढ्या मारतो म्हणून तेथील सरकारने 1888 ते 1909 या काळात प्रत्येक थायलसिनमागे बक्षीस दिले आणि दोन हजारांहून अधिक बक्षिसे वाटली गेली. शेवटचा ज्ञात थायलसिन 7 सप्टेंबर 1936 रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याला संरक्षण देणारा आदेश निघून दोन महिनेही झाले नव्हते. मग तिने विचारले, "दादाजी, आपल्याकडचं असं कोण गेलं?"

दादाजींना आठवली गिधाडे. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले, की आकाशातून गिधाडे उतरत आणि काही तासांत हाडे तेवढी राहत. ती केव्हा दिसेनाशी झाली, हे त्यांना सांगता येईना. कारण मुलाला ठाऊक होते. जनावरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक दिले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई. भारतातील गिधाडांच्या तीन जाती काही वर्षांत शेकडा पंच्याण्णवपेक्षा अधिक घटल्या. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. त्याच दोषाच्या केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या औषधांवर 2023 मध्ये. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना सुरक्षित ठरले आहे.

दादाजी स्तब्ध झाले. 'आजारी जनावरांचे औषधपाणी' ही नोंद वर्षानुवर्षे त्यांनीच लिहिली होती. रक्कम पैशापर्यंत बरोबर होती. त्या रकमेत कोणते औषध आले, हे त्यांनी एकदाही विचारले नव्हते. ते देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, जनावराची वेदनाही खरीच शमली होती. आणि तरीही खानदेशचे आभाळ रिकामे झाले. दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे. हे वचन त्यांनी व्याख्यानांत अनेकदा ऐकले होते. मोक्षमार्गाविषयीचे म्हणून ऐकले होते. औषधाच्या बाटलीविषयीचे म्हणून कधी ऐकले नव्हते.

जूनमध्ये मेलबर्नला पाच वाजून गेल्यावर लगेच सूर्य मावळतो. चौविहार सांभाळण्यासाठी प्रवेशद्वाराजवळच्या बाकावर सव्वाचारलाच डबा पुन्हा उघडला गेला. शेवटचे पाणी पिऊन सर्वजण गाडीत बसले. नातवंडे वाटेतच झोपली.

पिंप्राळ्याला परतल्यावर दादाजी पहिल्याच आठवड्यात पांजरपोळीत गेले. गोठा पाहिला, चारा पाहिला आणि नंतर औषधांचे कपाट उघडायला सांगितले. एकेक बाटली हातात घेऊन, चष्मा लावून, त्यांनी नावे कागदावर उतरवून घेतली व तो कागद पशुवैद्यांना दाखविला. गच्चीवरची ज्वारी अजून बंद झालेली नाही. त्याबाबत घरात चर्चा चालू आहे. दिवाळीत नवी वही आली, तेव्हा जीवदया खात्याच्या पानावर रकमेच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखलेला होता. त्याच्या डोक्यावर दादाजींच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'काय दिले, आणि कोणास विचारून'.