स्पेक्ट्रमला सीडी ड्राइव्ह

मंडळी, गेले दोन रविवार "हा काय नवीन उद्योग?" असं घरात येणारा प्रत्येक जण विचारतोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नारायण पेठेतल्या आमच्या घरात अण्णांचा स्पेक्ट्रम प्लस अजून चालतो. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली भारतात आणला होता तोच. मेमरी ४८ केबी, पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि प्रोग्रॅम ठेवायला साधी कॅसेट. त्याला मी सीडी-रॉम ड्राइव्ह जोडलाय.

"एका सीडीत किती मावेल रे मामा?" भाच्याचा प्रश्न. ६५० एमबी, म्हणजे स्पेक्ट्रमची अख्खी मेमरी जवळजवळ चौदा हजार वेळा! कॅसेटवरून ती एकदा भरायला पाचेक मिनिटं लागतात. सगळ्यात मंद सीडी ड्राइव्हला अर्धा सेकंदही लागत नाही.

जोडायचा शास्त्रोक्त मार्ग म्हणजे डिवाइड नावाचं कार्ड. ते एका चेक हौशी माणसाने २००२ च्या सुमारास बनवलं. ड्राइव्ह एका वेळी १६ बिट देतो, स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर ८ च घेतो. उरलेले ८ कार्ड धरून ठेवतं... पंगतीत पहिली पोळी संपेपर्यंत वाढपी दुसरी घेऊन उभा राहतो ना, तसं. छान चालतं म्हणतात. पण ते कार्ड असेल तर सीडी हवीच कशाला? कॅमेऱ्यातलं जुनं मेमरी कार्डही त्याला चालतं.

मी केला तो बाळबोध मार्ग. जुन्या सीडी ड्राइव्हला पुढे हेडफोनचं भोक आणि प्लेचं बटण असायचं, आठवतंय? त्याला कॉम्प्युटर लागतच नाही, फक्त वीज. तसा एक ड्राइव्ह तपकीर गल्लीत मिळाला, पॉवर सप्लाय जुन्या कॉम्प्युटरचा. हेडफोनमधून वायर काढून स्पेक्ट्रमच्या 'इअर' सॉकेटात खोचली, आवाज जवळजवळ पूर्ण, आणि झालं! स्पेक्ट्रमला वाटतं टेपच वाजतोय. (कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये कोडमास्टर्सने १९८९ सालीच ३० खेळांची ऑडिओ सीडी वायरसकट विकली होती.)

आता हा मार्ग का, ते सांगतो. नदी जवळ, वाडा जुना, त्यामुळे अण्णांच्या कॅसेटवर बुरशी धरली होती. त्यातल्या तेवीस कशाबशा वाचल्या. आजची रीत अशी की आवाजातून नुसता प्रोग्रॅम वेगळा काढायचा आणि छोटी फाइल करून ठेवायची. सुटसुटीत काम. पण अण्णा प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी टेपच्या माइकवर बोलून ठेवायचे. "वीजबिल वाटणी. सप्टेंबर अठ्ठ्याऐंशी. दुसरी प्रत." मागे ढोल वाजतोय, आणि आजी कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगतेय. फाइल करणाऱ्याच्या लेखी हा सगळा कचरा, तो पहिला जातो. ऑडिओ सीडीवर सगळं जसंच्या तसं राहतं. एमपीथ्री मात्र करू नका. कानाला फरक कळत नाही, पण त्या चिरक्या आवाजाच्या कडा बोथट होतात आणि स्पेक्ट्रम रुसतो.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे, एकूण चार मिनिटंसुद्धा नाही.

वीजबिलाचा प्रोग्रॅम परवा चालवला. वाड्यात मीटर एक, बिऱ्हाडं अकरा. दिवे मोजून वाटणी, रेडिओचे वेगळे, जिन्यातल्या दिव्याचा अकरावा हिस्सा प्रत्येकाला. वाडा पाडून आता तिथे पाच मजले आहेत. त्या अकरा घरांची नावं टीव्हीवर एकाखाली एक उमटली. दोन मी साफ विसरलो होतो.

सीडीही कायमची नसते, म्हणून मूळ आवाज दोन हार्डडिस्कवर ठेवलाय. एक प्रत ठाण्याला जाईल. आत्या, तुझ्याकडे स्पेक्ट्रम नाही तरी चालेल, साध्या प्लेअरवर सातवा ट्रॅक लाव. पहिली बारा सेकंदं ऐक आणि लगेच बंद कर, पुढे नुसता कर्कश आवाज आहे. दार लावायला आजी कुणाला सांगतेय, ते तूच ओळखशील.