शब्दांचे हात

हवाई बेटांचे नाव आमच्या घरात आले ते एका वाद्याला चिकटून. ‘हवाईयन गिटार’ असे छापलेल्या कॅसेटवर हिंदी चित्रपटगीतांच्या चाली असत. लग्नाच्या कार्यालयात पंगती बसल्या की त्या हमखास वाजत. व्हॅन शिप्ले यांनी हे वाद्य मुंबईत लोकप्रिय केले, ब्रिजभूषण काब्रा यांनी ते रागसंगीतात नेले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ऐकू येते ती हीच गिटार. तारांवरून धातूचा तुकडा घसरवत सूर काढण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकूकू या हवाईच्या तरुणाने घडवली, असे मानले जाते. त्या घसरण्यात मींड आपसूकच येते. आपल्या कानांना ती परकी वाटली नाही, यात नवल नाही.

पण भाषा शिकवणाऱ्या माणसाला यात एक गोष्ट खटकते. आपल्याकडे सूर आले, शब्द आलेच नाहीत. आणि जिथून ते सूर आले तिथे तर शब्द हाच धनी आहे.

हुला म्हणजे गवती घागरा आणि डोलणारी कंबर, ही समजूत हॉलिवूडने व पर्यटनाच्या जाहिरातींनी जगभर रुजवली. वास्तविक हुला हा ‘मेले’चा, म्हणजे काव्याचा, देहाने केलेला उच्चार आहे. मेले नाही तर हुला नाही. जुन्या वळणाच्या ‘हुला काहिको’त भोपळ्याच्या ‘इपू’वर किंवा शार्कच्या कातड्याने मढवलेल्या ‘पाहू’वर ताल धरून पठण चालते, नव्या ‘हुला औआना’त गिटार आणि उकुलेले येतात. (हे उकुलेलेही १८७९ साली मदेइराहून मळ्यांवर आलेल्या पोर्तुगीजांच्या चिमुकल्या वाद्यातून जन्मले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) दोन्हींत हात पाऊस सांगतात, लाट सांगतात, फूल सांगतात. परंतु त्या पावसामागेही कोणी असते. या दडलेल्या अर्थाला तिथे ‘काओना’ म्हणतात. पाऊस प्रियकर असू शकतो, फूल अपत्य. आनंदवर्धनाचा ध्वनिविचार वर्गात मांडताना मला अलीकडे काओना हटकून आठवतो. बैठकीच्या लावणीतली अदाही अशीच शब्दाच्या आधाराने चालते. शब्द कळेनासे झाले की प्रेक्षकापुरती उरते ती नुसती कंबर.

१८२० साली मिशनरी आले आणि त्यांना हुला अश्लील वाटला. १८३० मध्ये ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानू यांनी तो जाहीरपणे करण्यास बंदी घातली. राजा कालाकौआ याने (१८८१ च्या जगप्रवासात तो मुंबईसही येऊन गेला होता) १८८३ च्या राज्याभिषेकात त्याला पुन्हा मानाने बोलावले. पुढे राज्यच गेले, आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. हवाईयन बोलली म्हणून मुलांना शिक्षा होत. भाषा शाळेतून गेली तरी ज्यांना मेले पाठ होते त्यांच्या देहात ती थोडी उरली. हिलो गावी १९७१ पासून हुलाच्या स्पर्धा भरू लागल्या. १९८४ मध्ये ‘पुनाना लेओ’, म्हणजे ‘आवाजांचे घरटे’, ही हवाईयन माध्यमाची पहिली बालशाळा उघडली. मराठीच्या वर्गातली बाके वर्षागणिक रिकामी होताना पाहणाऱ्या मला हा क्रम पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो: आधी नाच, मग शाळा.

शब्दांवाचून ऐकणे किती फसवे असते, याचा दाखला म्हणजे ‘काउलाना ना पुआ’. १८९३ साली राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केल्यावर राजवाद्यवृंदातील वादकांनी नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला. त्यांच्या विनंतीवरून एलन प्रेंडरगास्ट यांनी हे गीत रचले. चाल इतकी प्रसन्न की सहलीचे गाणे वाटावे. आशय मात्र असा की, त्या सरकारचा पैसा आम्हांला नको, या भूमीचे दगड खाऊन राहू. ‘पुआ’ म्हणजे फुले. इथे ती भूमीची लेकरे आहेत. या गाण्यावर नाचू नये, असे जुने जाणकार मानीत.