मोरपंखीचं गोत्र

भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये वैशाखाचं ऊन रणरणत असताना एखाद्या अंगणातल्या मोरपंखीजवळ जावं. बारीक खवल्यांनी विणलेली तिची एक चपटी डहाळी बोटांत चुरडावी. आधी हिरवा, ओला वास येतो. मग कापरासारखा थंडावा नाकात शिरतो आणि शेवटी लाकडाचा मंद दरवळ बोटांवर रेंगाळतो. शाळकरी मुलं जिची पानं ‘विद्या’ म्हणून वहीत जपतात, ती मोरपंखी चीड आणि देवदाराच्या गोतावळ्यातली, सूचिपर्णी वृक्षांची नातलग. सालवनांच्या या मुलखात हिमालयाचं हे आप्त दारात उभं असावं, हे आपलं भाग्य!

या वृक्षांचा सुगंध म्हणजे त्यांनी स्वतःसाठी केलेलं औषध. चीडाच्या खोडात राळेच्या सूक्ष्म वाहिन्या असतात. सालीला घाव बसला, भुंगेरा शिरला, की राळ पाझरते, घाव लिंपते आणि कीड-बुरशीला थोपवते. हीच राळ तापवून तिची वाफ गार केली की टर्पेंटाइन मिळतं; मागे उरतो तो बेरजा, सारंगीच्या गजाला लावतात तो. टर्पेंटाइनमधलं पायनीन हे द्रव्य प्रयोगशाळेत काही जिवाणूंची वाढ रोखतं. देवदाराचं तेल मात्र लाकडातून वाफेवर काढतात. आपल्याकडे बाळंतिणीला देवदार्व्यादि काढा देतात, त्यातही हाच वृक्ष आहे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मोरिस गातफॉसे यांनी 1937 मध्ये ‘अरोमाथेरपी’ या नावाचं पुस्तक लिहिलं. माणूस मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून राळ-धुपाच्या वासाने मन निववत आला आहे. चीड-देवदाराच्या गंधाने श्वास मोकळा वाटतो, शिणलेलं मन सैलावतं. एवढं देणं थोडं नाही. या गंधाने आजार बरे होतात असं मात्र मानू नये.

चीड-देवदाराच्या सुगंधी तेलाशी आदराने वागावं. 10 मिलिलिटर तिळाच्या तेलात 4 थेंब पुरेत. नुसतं तेल त्वचेवर लावू नये, पोटात तर कधीच घेऊ नये. दमेकरी, गर्भवती आणि लहान मुलं यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावं. हवा लागून जुनं झालेलं तेल त्वचेला झोंबतं, म्हणून बाटली घट्ट बंद करून अंधारात ठेवावी. आणि विकत घेताना लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव शोधा. ज्या वृक्षाने हे दिलं त्याचं नाव नसेल, तर ती बाटली तिथेच ठेवा.