त्रोवसला राहिलेला झगा

दफनविधीत तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय उघडला की मला अस्वस्थ व्हायला होतं, कारण वाचणारा कुठे थांबणार हे ठाऊक असतं. धाव संपली, विश्वास राखला, मुकुट ठेवलेला आहे. आठव्या वचनाशी बायबल मिटतं. मग गेलेल्या माणसाने नेमून दिलेलं कार्य पूर्ण केलं, असं सांगितलं जातं. रायपुरातली उपासना बहुतेक हिंदीत, महाराष्ट्रातली मराठीत; थांबण्याची जागा तीच. माझी तक्रार त्या थांबण्याबद्दल आहे. पाचच वचनं पुढे हाच पौल सांगतो की त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये. पुस्तकं आण, आणि चर्मपत्रं तर विसरूच नकोस. शेवटी पुन्हा आठवण: हिवाळ्याआधी ये. म्हणजे धाव संपली म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला थंडीची काळजी आहे, वाचायचं बाकी आहे, आणि झगा समुद्रापलीकडे कुणाच्या तरी घरी पडलाय. हे पत्र पौलाच्या हातचं नसावं, असं बरेच अभ्यासक म्हणतात. म्हणोत. ज्यांनी ते लिहिलं आणि जपलं, त्यांनी मुकुट आणि झगा एकाच अध्यायात ठेवले, एवढं मला पुरतं. आपण मात्र मुकुट वाचतो आणि झगा गाळतो.

पुऱ्या झालेल्या शेवटाची ही ओढ आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या मरणाने आणखी पक्की केली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी उतारवयात चालवलं. कान गेलेले, 1921 मध्ये मुलगी मनोरमाही गेली. मुद्रितं तपासून व्हावीत म्हणून त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले, ते मिळाले, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, असं सांगतात. व्याख्यानात हे सांगितलं की सभा गलबलते. कवी नारायण वामन टिळकांचं मरण असं सांगता येत नाही. वास्तविक टिळक आमच्या छत्तीसगडच्या वाटेवरचे. रायपूरहून सत्तरेक किलोमीटरवरच्या राजनांदगावला जाताना, 1893 मध्ये, नागपूरहून निघालेल्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इतकं सगळे सांगतात. पण पंचावन्नाव्या वर्षी, म्हणजे लोक निवृत्तीचे हिशेब करतात त्या वयात, त्यांनी मिशनचं वेतन सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. 9 मे 1919 ला ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही, आणि ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य अकराएक अध्यायांशी थांबलेलं. कार्य पूर्ण केलं असं कुणाच्या तोंडून निघणार?

‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या या बाईने साठाहून अधिक अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 मध्ये आला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या, 1936 मध्ये त्या गेल्या आणि चौथा भाग मागाहून निघाला. अपुऱ्याला अपुरंच जोडत गेलेली ही साखळी मला रमाबाईंच्या दहा दिवसांपेक्षा अधिक ख्रिस्ती वाटते. मोशेला वचनदत्त देश डोंगरावरून दिसला, त्यात पाऊल पडलं नाही; यार्देन ओलांडली ती यहोशवाने. म्हातारपणाचं प्रयोजन ‘संपवणं’ हे असेल, तर मोशे नापास ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा की ही आळशाची सोय झाली. पण टिळकांनी सोडलं होतं ते वेतन, काम नव्हे. दुसरा आक्षेप खरा बोचरा आहे: टिळकांना लक्ष्मीबाई होत्या, ज्या म्हाताऱ्याचं पुढे चालवायला कुणी नाही, किंवा चालवण्याजोगं काही उरलेलंच नाही, जो अंथरुणाला खिळलाय, त्याचं काय? याचं उत्तर मला कर्तृत्ववानांच्या चरित्रांत सापडत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी मात्र येशू पेत्राला सांगतो की म्हातारपणी तू हात लांब करशील आणि दुसराच कुणी तुझी कंबर बांधेल. तिथे पेत्राच्या मरणाचा इशारा आहे हे खरं. तरी ज्यांनी आजाऱ्याला कपडे घातलेत, त्यांना तो लांब केलेला हात ओळखीचा वाटेल. त्या असहायतेनंतर लगेच येशू म्हणतो ते एवढंच, की माझ्यामागे ये. दुसऱ्याकडून बाही चढवून घेणं हेही मागे जाणंच. घरच्यांनी मात्र ती बाही घाईघाईने ओढू नये, एवढं सांगावंसं वाटतं.

मग अपुऱ्या कामातल्या विश्रांतीचं काय? रायपूरच्या उत्तरेला ऑस्कर लोहर या जर्मन मिशनऱ्याने वसवलेलं विश्रामपूर आहे. तो 1868 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, छत्तीसगडात आला आणि कामाला हात घालताच गावाला विश्रांतीचं नाव देऊन मोकळा झाला. उत्पत्तीच्या पुस्तकातही माणूस सहाव्या दिवशी घडतो. त्याचा पहिला पुरा दिवस शब्बाथाचा. देवाची विश्रांती काम संपल्यावरची, माणसाची कामाआधीची. मग काम अपुरं राहिलं म्हणून विश्रांतीचा हक्क जात नाही.

तेव्हा दफनविधीत तेरावं वचनही वाचावं, अशी माझी सूचना आहे. हे सगळं पटूनही एक कबूल करतो. रमाबाईंसारखे दिवस मागायची संधी मला मिळाली, तर मी दहावर थांबणार नाही, वीस मागेन.