तीन पेन्सचा कर आणि माझी पे-स्लिप



चहा महागला म्हणून अमेरिकन भडकले, असं आपल्यात बरेचजण धरून चालतात. १७७३च्या कायद्यानं चहा उलट स्वस्त होणार होता! डबघाईला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला (हो, तीच ती, आपली) वाचवायला पार्लमेंटनं तिला वसाहतींत थेट चहा पाठवायची मुभा दिली, पण पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तसाच ठेवला. भांडण पैशाचं कमी, हक्काचं जास्त. जिथे आमचा एकही माणूस नाही, त्या पार्लमेंटनं आमच्यावर कर का बसवावा? १६ डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

कर लावला पार्लमेंटनं, पण १७७६च्या जाहीरनाम्यात सगळं खापर फुटलं तिसऱ्या जॉर्जच्या डोक्यावर. मला ते रास्तच वाटतं. १७७५ मध्ये त्याच्याकडेच समेटाचा अर्ज गेला होता. त्यानं तो स्वीकारला नाही, उलट वसाहती बंडखोर ठरवल्या.

आता माझं. एच-वनवर नववं वर्ष, ग्रीन कार्डच्या रांगेत. दर पगारातून फेडरल टॅक्स, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर कापलं जातं, मत मात्र नाही. 'बोलवायला कोण आलं होतं?' इति बायको. मुद्दा बिनतोड आहे. तरी ४ जुलैला शेजारी बर्गर उलथताना 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' म्हणाला, की मला माझी पे-स्लिप आठवते.