हातांची ऊब

आम्ही मणियार. निफाड तालुक्यातले आठवडी बाजार मोटारसायकलवरूनच करतो. हिवाळ्यात इथला पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो. फजरच्या वजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्याशिवाय हातमोजे चढवायचे नाहीत. ओल राहिली की वारा तिथेच झोंबतो. आत लोकरीचे हातमोजे, वरून भांडी घासायचे रबरी. लोक हसतात, हसोत. धुकं आत शिरत नाही. पण घामाने आतलं ओलं होतं, म्हणून खिशात दुसरी जोडी. थांबलो की हात काखेत. इंजिनावर कधीच नाही, बधिर बोटांना चटका उशिरा कळतो. एवढा खटाटोप बांगडीसाठी. आखडलेल्या बोटांनी चढवताना ती फुटते आणि काच मनगटात रुतते. लेकीबाळी तर डोळे मिटून हात पुढे करतात.