भोकाचा काटकोन

३ एप्रिल, नांदेड
विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकणारा पुतण्या प्रकल्पाची वही घेऊन आला. रोबोटच्या हाताला ड्रिल लावून वक्र पत्र्यावर रिव्हेटची भोकं पाडायची आहेत. "काका, ड्रॉइंगमध्ये प्रत्येक भोकाचा कोन दिलेलाच आहे. मग रोबोटला पुन्हा कशाला मोजायला लावायचं?"
त्याच्याकडूनच हिशेब करवून घेतला. ड्रिल एका अंशाने कललं, तर २० मिमी जाडीच्या पलीकडे भोक ०.३५ मिमी सरकून निघतं. काउंटरसिंकही (रिव्हेटचं डोकं बसायचा खोलगट खळगा) तिरका होतो आणि रिव्हेटचं डोकं एका बाजूने वर राहतं. विमानाच्या पंखाला हे चालत नाही.

५ एप्रिल, लातूर
बोअरची गाडी लागली होती. गाडीचा उभा खांब, म्हणजे मास्ट, ओळंब्यात आला की बोअरवाल्यांचं काम सुरू. दिशा पृथ्वीच सांगते. वक्र पत्र्यावर रोबोटला ती पत्र्याकडूनच घ्यावी लागते. ड्रिलभोवती किमान तीन लेझर सेन्सर हवेत, कारण तीन बिंदूंनी प्रतल ठरतं. १०० मिमी अंतरावरच्या दोन सेन्सरच्या मापांत १ मिमी फरक आला, तर कल ०.५७ अंश. मग हात वळवायचा तो ड्रिलच्या टोकाभोवती. मनगटाभोवती वळवला तर कोन सुधारतो, पण जागा चुकते.

६ एप्रिल, लातूर
हरंगुळच्या रेल्वे डबा कारखान्यावरून गेलो. २०१८ मध्ये पायाभरणी, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा. मनात उन्हाचा हिशेब सुरू झाला. डब्याएवढं, साडेतेवीस मीटर लांबीचं साधं पोलाद १० अंश सेल्सिअसने तापलं, की जवळजवळ ३ मिमी वाढतं. टोकं आवळलेली असतील तर पत्रा फुगतो आणि कोनही बदलतो. सकाळी घेतलेलं माप दुपारी धरून चालता येत नाही.

९ एप्रिल, नांदेड
पुतण्याच्या आराखड्यात प्रेशर फूट घातला. ड्रिलच्या दाबाने रोबोटचा हात लवतो, टोक घसरतं; म्हणून आधी पत्रा दाबून धरायचा. पण दाबल्यावर पत्राही हलतो. त्यामुळे क्रम ठरला: मोजणं, वळवणं, दाबणं, पुन्हा मोजणं, मगच ड्रिल. प्रत्येक भोकाला थोडा वेळ जास्त जाईल. तो जाऊ द्यावा. रोबोट बाहेरून विकत घेता येतील. त्यांना अचूक ठेवणारं हे मोजमाप आमच्या नांदेड-लातूरच्या पोरांनी स्वतः बांधावं, एवढीच माझी इच्छा आहे.